उजव्या खांद्याचं पातं

हसताय? हसा. हरेशनं सांगितलं तेव्हा मीही हसत होतो, निम्मी गोष्ट होईपर्यंत.

हा हरेश रामवाडीचा, माझ्याबरोबर कंपनीत पंधरा वर्षं शिफ्टला होता. बायको गेली, मागे एकच पोर, नम्रता. डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाला. सोमवारी तोंडी परीक्षा, म्हणून अभ्यासाला घरी आलेली. तिनं घेतलेल्या माणसाच्या हाडांच्या जुन्या संचात उजव्या खांद्याचं पातं, पाठीवरचं ते चपटं तिकोनी हाड, नव्हतं. ते होतं रोह्याच्या जुहेबकडे, तिच्या दोन वर्षं पुढच्या पोराकडे. पोरीचा वेळ मोडायला नको म्हणून हरेशच आणायला गेला. तारीख गेल्या नोव्हेंबरची चौदा, शुक्रवार.

जुहेबनं पिशवी डाव्या हातानं दिली. उजवा हात त्यानं खिशातून काढलाच नाही.

"काका, नम्रताला सांगा, हे टेबलावर ठेवूनच शिक. अंगाला लावून बघायचं नाय."

"का रे?"

"सांगा म्हणजे झालं."

हाड कुठल्या बाजूचं हे ओळखायला ही पोरं ते आपल्याच खांद्यामागे धरून बघतात. तशी त्यांची रीतच आहे. हरेशला वाटलं, होणाऱ्या डॉक्टरणीला आपण असलं काय शिकवायचं? ती हसेल. त्यानं पिशवी तिच्या हातात दिली, निरोप न सांगताच जेवला आणि झोपला. माझ्या मते चुकला तो इथंच.

रात्री दीडला त्याला जाग आली. आतल्या खोलीत नम्रता मोठ्यानं पाठ करत होती. "खड्डा बाहेरच्या अंगाला... पात्याचा कणा मागे... म्हणजे असं."

हरेश ताडकन उठला. "नमू, ते लावू नको गो..."

आत धप्प आवाज झाला. भाताच्या पोत्यावर दांडा हाणावा तसा. मग दुसरा. मग पोरीची किंकाळी.

दाराला आतून कडी. हरेश धडका मारत राहिला. आत कोणी बोलत नव्हतं. शिवी नाही. धाप नाही. नुसते घाव. तिसरा. चौथा... हाड मोडलेलं त्याला बाहेर ऐकू आलं.

"बाबा, हात... हात ओढतोय..."

"कोण? नमू, कोण हाय?"

...

कडी तुटली. खिडकीला गज. खोलीत नम्रता एकटी. भिंतीवर रक्त. ती पालथी पडलेली. उजवा हात पाठीवर पिरगळून मानेपर्यंत नेलेला. खांद्याचा गोळा निखळून काखेत उतरला होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला, मग हरेशकडे पाहिलं.

"खांद्याचं पातं सहजी मोडत नाही. माणूस गाडीखाली आला तर मोडतं, नाहीतर कुणी जीव खाऊन मारलं तर. घरात कोण होतं?"

"मी."

"अजून?"

दवाखान्यानं बोलावलेला हवालदार लिहून घेत होता. पोर शुद्धीवर नव्हती. जिच्यासाठी जन्मभर खस्ता खाल्ल्या, तिचाच मारेकरी ठरायची पाळी आली त्याच्यावर.

एवढ्यात वनिता सिस्टरनं पोरीची बाही कापली. दंडावर पाच बोटांचे काळेनिळे वळ होते. डॉक्टरांनी हरेशचा पंजा धरला आणि त्या वळांवर ठेवला.

हरेशनं बोटं ताणली. अजून ताणली. टोकाला पोचेनात.

दोन पेरं कमी पडली.

हवालदाराचं पेन थांबलं...

नम्रता वाचली. खांदा जुळला. वळ मात्र आठ महिन्यांनीही तसेच काळेनिळे आहेत, बोट लावलं तर पोर कळवळते. मी पाहिलेत.