झिपरूचा राहिलेला डाव

तोतारामांचे पुत्र काशिनाथ, काशिनाथांचे पुत्र दीपक आणि दीपकचा एकुलता एक ललित. रावेरच्या या घराण्याच्या चौथ्या पिढीवर गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, जे गुदरले, ते येथे जसेच्या तसे सांगितले आहे.

घटना खरी आहे. ज्याला हसायचे असेल, त्याने आधी ललितचा उजवा हात पाहून यावे.

रात्र नव्हती. अक्षय तृतीयेची भर दुपार होती. वैशाखातल्या त्या वेळी रावेरच्या रस्त्यावर कुत्रेसुद्धा दिसत नाही.

आखाजीला सारा खानदेश खेळतो. माहेरवाशिणी झोक्यावर बसतात, पुरुष पत्ते आणि कवड्या काढतात. या एका घरात मात्र त्या दिवशी कोणी खेळाला हात लावत नाही.

कारण तोताराम.

धुळ्याकडून आलेल्या झिपरू नावाच्या एकट्या माणसाने नदीकाठी शेत घेतले होते. तोतारामांच्या शेताला लागून. एका आखाजीला दोघे कवड्या खेळायला बसले. चढाओढीत झिपरूने शेत पणाला लावले. तोताराम गर्वाने म्हणाले, "शेवटचे दान तुझे पडले, तर हा उजवा हात मनगटापासून तुझा!"

शेवटचे दान झिपरूचे होते. कवड्या त्याच्या मुठीत होत्या.

तोतारामांनी पट उधळून दिला. म्हणाले, "डाव संपला. शेत माझे."

गाव तोतारामांचे होते. परक्याच्या बाजूने कोण बोलणार? झिपरू एवढेच म्हणाला, "मना डाव बाकी शे."

चार दिवसांनी तो त्याच शेतातल्या विहिरीत सापडला. मागे कोणी नव्हते. आखाजीला पितरांसाठी भरतात ती घागर त्याच्या नावाने कधीच भरली गेली नाही.

ललितला हे सारे लहानपणापासून ठाऊक होते. आणि तो यावर हसत असे.

दिवसभर केळीच्या गाड्या भरून देणारा हा तरुण फावल्या वेळात टेबलावरच्या लढाईच्या खेळासाठी बोटभर उंचीचे सैनिक रंगवी. पुण्यात शिकताना लागलेला नाद. त्याचा उजवा हात असा की, चार केसांच्या कुंचल्याने तो मुंगीएवढ्या डोळ्यात बुबुळ काढी. केळीच्या खोक्यांच्या पुठ्ठ्याचे त्याने डोंगर केले होते. नदी केली होती. नदीचा काठ झिपरूच्या त्या शेतातल्या गाळाने सारवला होता.

एका बाजूला जिवंतांचे सैन्य, दुसऱ्या बाजूला प्रेतांचे. जिवंतांच्या राजाला त्याने भिंतीवरच्या तसबिरीतला तोतारामांचा चेहरा दिला होता. तोच फेटा, त्याच मिशा.

रावेरात हा खेळ दुसऱ्या कोणाला येत नसे. म्हणून तो एकटाच खेळे. जिवंतांच्या चाली स्वतःच्या मनाने, प्रेतांच्या चाली फासा टाकून.

त्या दिवशी तो पायऱ्या चढू लागला, तेव्हा त्याची आजी सुनंदाबाई उंबऱ्यावरच्या घागरींना कुंकू लावत होत्या. घरात सारे त्यांना अक्का म्हणत.

"आज नको," अक्का म्हणाल्या.

"अक्का, खेळायला समोर कोणी तरी लागते. मी एकटाच. याला खेळ म्हणतात का?"

"समोर माणूस असता तर मी अडवले नसते. आज पितरांचा दिवस आहे. ज्याची घागर कोणी भरत नाही, तो बसायला जागा शोधत फिरतो. रिकामी खुर्ची ठेवून डाव मांडू नये."

स्वयंपाकघरातून ललितची बायको कामिनी हसली. "खेळू द्या हो, अक्का. नाही तर मांडे खाऊन घोरत पडतील. त्या घोरण्यापेक्षा प्रेतं बरी!"

ललित हसत वर गेला.

सवयीप्रमाणे त्याने समोर खुर्ची ठेवली. प्रेतांच्या बाजूने पाहायला तो अधूनमधून तिच्यात बसत असे.

त्याने डाव लावला. प्रेतांनी नदी ओलांडून राजाला गाठायचे. जिवंतांनी सहाव्या, शेवटच्या फेरीपर्यंत नदीचा उतार राखायचा.

पहिल्या फेरीत प्रेतांना सहा पडले.

दुसऱ्या फेरीतही सहा.

तिसऱ्या फेरीला त्याने फासा बदलला.

... सहा.

खाली अंगणात झोक्यावरची गाणी चालली होती. कडी कुरकुरत होती.

मग ती थांबली.

गाणी नाहीत. कडी नाही. कूलरची घरघर नाही. वीज गेली असेल, असे त्याला वाटले. पण कूलरचा पंखा फिरत होता...

फक्त आवाज येत नव्हता.

ललितने मान वळवली. पुन्हा पटाकडे पाहिले.

जवळच्या शत्रूवर आधी चालून जायचे, हा प्रेतांचा नियम होता. समोर जिवंतांचे भालाईत उभे होते. तरीही प्रत्येक प्रेताचे तोंड एकाच दिशेला वळले होते.

राजाकडे.

त्याने त्यांना हात लावला नव्हता.

चौथ्या फेरीला त्याने फासा टाकला. लाकडी टेबलावर प्लास्टिकचा फासा. आवाज आला तो मात्र कवड्यांचा... मुठीत घोळवलेल्या पुष्कळ कवड्यांचा.

सहा.

भालाईत आडवे झाले होते.

पाचव्या फेरीला त्याने फासा उचललाच नाही. हात मांड्यांवर घट्ट ठेवले.

फासा आपोआप फिरला.

खोलीत थंड वास पसरला. शेवाळाचा. खोल पाण्याचा.

समोरच्या खुर्चीच्या कडेवरून थेंब पडला...

टप्.

मग दुसरा.

खुर्ची रिकामी होती. तिची वेताची बैठक मात्र खाली दबली होती, कोणी बसल्यावर दबते तशी.

"आते मना डाव शे."

आवाज म्हातारा नव्हता. तिशीतल्या पुरुषाचा होता. त्यात विनवणी नव्हती. वाट पाहून पाहून धार आलेली होती.

ललितने टेबलाची कड धरली. एक झटका दिला की सारे जमिनीवर. राजा, प्रेते, नदी, सारे. त्याने टेबल उचललेही...

"खाली ठेव!"

दारात अक्का उभ्या होत्या. ब्याऐंशी वर्षांच्या अक्का, भिंत न धरता.

"अक्का, माझा हात..."

"हात जाईल. ठाऊक आहे मला. आज तू उधळलास, तर उद्या हा तुझ्या लेकरासमोर बसेल. आपल्या घराने एकदा डाव मोडला, दुसऱ्यांदा मोडायचा नाही. दान पडू दे."

मग त्या रिकाम्या खुर्चीकडे वळल्या. आवाज खाली आला नाही.

"झिपरूभाऊ, माझ्या सासऱ्यांनी लबाडी केली. मी सून आहे या घरची. टाका तुमचे दान. पण या पोराच्या पुढच्या पिढीकडे जायचे नाही."



ललितने टेबल खाली ठेवले. त्याने स्वतःचा उजवा हात पटाच्या मधोमध उताणा ठेवला.

कवड्या घोळल्या...

फासा फिरला. फिरत राहिला. थांबला.

सहा.

बर्फगार बोटांनी त्याचे मनगट पकडले. ललित किंचाळला, ते खाली कामिनीने ऐकले. त्यासरशी झोका कुरकुरला, गाणी सुरू झाली, कूलर घरघरला.

खुर्चीखाली पाण्याचे थारोळे होते. पटावर राजा उभा होता. त्याचा उजवा हात मनगटातून तुटला होता. तो तुकडा खोलीत कोठेही सापडला नाही.

जळगावच्या डॉक्टरांनी सर्व तपासण्या केल्या. शिरा ठीक, हाड ठीक. दोष कोठेही नाही. हात मात्र मनगटापासून गार आहे. आजही. बोट हलत नाही, टाचणी टोचली तरी कळत नाही.

त्याच पावसाळ्यात नदी फुगली. तिने काठ कापला. शेजारच्यांचे बांधसुद्धा शाबूत राहिले. आपल्या मापाचे कापड कापावे, तसे झिपरूचे शेत तेवढे गेले. विहिरीसकट.

या आखाजीला उंबऱ्यावर एक घागर जास्त होती. ललितने ती डाव्या हाताने भरली. अर्धे पाणी सांडले. अक्कांनी मदत करू दिली नाही.

त्याने झिपरूचे नाव घेतले आणि उठू लागला.

तेव्हा त्याच्या गार पडलेल्या तळव्यावर कोणी तरी काही ठेवले.

टाचणी न कळणाऱ्या त्या हाताला ते कळले.

ती एक जुनी कवडी होती. ओली. आणि सारे देणे फिटल्याचे कानाशी कोणी अगदी हळू म्हणाले...

"बठ्ठं फिटी गयं."