भिंतीवरचा चौथा

बस रे जरा, खुर्ची ओढून घे. एक गोष्ट सांगतो, फक्त मध्येच हसायचं नाही.

चित्रं मला कुणी शिकवली नाहीत, हे तुला ठाऊक आहे. दुकानांच्या पाट्या रंगवता रंगवता हात बसला. मग गावातलं जे डोळ्यांत खुपायचं ते भिंतींवर काढायला लागलो. तुमच्या कचेरीची माणसं येऊन वर चुना फासायची. फासू देत. ऑइलपेंटवर चुना धरत नाही. थोड्या दिवसांत पापुद्रे सुटायचे आणि माझी माणसं पुन्हा हजर.

गटार उपसताना तिघं गुदमरून गेले. कुणी चकार शब्द काढला नाही. म्हणून बाजारामागच्या भिंतीवर तिघांना काढलं, कमरेपर्यंत गटारात, रस्त्याकडे बघणारे. कचेरीने चुना मारला. पापुद्रे पडले, आणि तिघांच्या शेजारी चौथा निघाला.

मी चौथा काढलाच नव्हता.

आधी नुसता खांदा दिसला. म्हटलं, ओल असेल. मग कान आला. मग भुवईवरची खोक. ती खोक माझ्या मेव्हण्याची. तोही गटारातच उतरतो.

बायकोला नेऊन दाखवलं. तिने त्या खोकेवर बोट ठेवलं.

"माझ्या भावाला कशाला काढलंत?"

"मी नाही गं काढलं."

"मग पुसा."

मेव्हण्याला आमच्या घरी बसवून ठेवलं. तो कुरकुरला, "दाजी, भिंतीला घाबरून खाडा केला म्हटलं तर लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. बस गुमान."

डांबर घेऊन गेलो. चौथ्याच्या तोंडावर एक हात मारला, तोच खिशातला फोन वाजला, घरून बायकोचा.

"अहो, याला श्वास घेता येत नाहीये."

अंगातला सदरा काढला. रॉकेल ओतलं. नखांनी खरवडलं.

नाक मोकळं झालं.

"घेतोय," ती म्हणाली. "आता घेतोय."

तेव्हापासून रोज सकाळी ओल्या फडक्याने चौथ्याच्या नाकावरची धूळ पुसतो. मेव्हणा बरा आहे. कामावर जात नाही.

आता रस्ता रुंद करायला ती भिंत पाडणार आहेत. काल तुमची माणसं लाल रंगाने खुणेची रेघ मारून गेली, चौथ्याच्या छातीवरून. मेव्हण्याच्या छातीवरही आहे. बायको साबणाने घासतेय, जात नाही.

साहेब तुझं ऐकतो. त्याला सांग, बाकीची सगळी चित्रं पुसा, म्हातारा पुन्हा ब्रश धरणार नाही, लिहून देतो म्हणाला. तेवढा भिंतीचा तुकडा राहू द्या.

सांगशील ना? आजच सांग.