मिनार टॉल, डोंगर हाय

जुम्मा मशिदीसमोर एक गोरा साहेब मान वर करून मिनार बघत होता. पावसाची भुरभुर चालली होती. त्याच्या डोक्यावर छत्री धरून उभा असलेला तरुण इंग्रजीत माहिती देत होता, "सर, बिग. व्हेरी बिग."

साहेबाने कमानींकडे बोट केलं.

"दॅट ऑल्सो बिग, सर."

मग साहेबाने डोंगरावरच्या असीरगड किल्ल्याचं विचारलं. तरुण क्षणभर अडखळला... "सर, मोर बिग!"

वडिलांचा हात धरून चाललेली मालू खुदकन हसली आणि लगेच दचकली. विधवेने असं भर चौकात हसायचं नसतं. पण तो तरुण वळून पाहत होता, आणि त्याच्या डोळ्यांत राग नव्हता.

"मिनाराला टॉल म्हण रे," तिचे वडील म्हणाले. गाव त्यांना पंडित मास्तर म्हणे; त्यांनी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं होतं. आता मोतीबिंदूने दोन्ही डोळे गेले होते. "आणि शिकायचं असेल तर सिंधीपुऱ्यात घरी ये."

तो दुसऱ्याच दिवशी आला. गिरधर नाव. तुकईथडच्या कापूसवाल्या शेतकऱ्याचा मुलगा, मास्तरांच्याच जातीचा. डाकबंगल्यावर साहेबांची बडदास्त ठेवायचा, लोधीपुऱ्यात खोली घेऊन राहायचा. साहेबांना किल्ला नीट समजावून सांगता आला तर दुभाष्याची पक्की नोकरी मिळणार होती.

मास्तर शिकवत आणि मालू आतल्या दाराशी बसून पुस्तकातलं वाचून दाखवी. शिकवता शिकवता मास्तरांना डुलकी लागे. मग धडा तिच्याकडे येई.

"झाड टॉल, मिनार टॉल, माणूस टॉल. पण डोंगर हाय."

"मंग मी कोण?"

"तुम्ही... टॉल." ती पुस्तकात बघून म्हणाली.

"पाहिल्याबिगर कसं सांगितलं?"

तिने पुस्तक आणखी वर धरलं. तो हसू दाबत म्हणाला, "बरं, ग्रँड म्हणजे काय?"

"जे पाहिलं की आपला आवाज आपोआप खाली येतो, ते."

"हां..." तो अगदी हळू बोलला. "तरीच तुमच्यासमोर माझा आवाज निघत नाही."

मालूने पान उलटलं. पुढचा शब्द होता लॉफ्टी, म्हणजे उत्तुंग. तो तिला वाचताच येईना.

पाऊस सरता सरता एका संध्याकाळी त्याने विचारलं, "आपल्या जातीत पाट लागतो. विधवेचं दुसऱ्यांदा लग्न होतंच की. मग मास्तरांना विचारू का?"

"बाबा मास्तर झाल्यापासून आमच्या घरात लागत नाही," ती म्हणाली. "शिकलेल्या घरात शोभत नाही म्हणतात. उद्यापासून येऊ नका."

तो आला नाही. आणि त्याच आठवड्यात गावात मानमोडीचा ताप शिरला. लढाईवरून परतलेल्या पलटणींनी आणला, असं लोक म्हणत. घरंच्या घरं आडवी झाली. तापीच्या घाटावर लाकडं पुरेनात. मग एका सकाळी डाकबंगल्याचा पाणक्या कडू सांगत आला, "गिरधर खोलीत एकटा पडलाय. शेजारी पळून गेले."

मालू उठली. "बाबा, मी जाते."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे."

मास्तरांनी पागोटं डोक्यावर चढवलं. मग भिंत चाचपत उभे राहिले. "एकटी नको जाऊ. मला हात दे."

गिरधर तापाने फणफणला होता. "हाय... लॉफ्टी..." असं बरळत होता. मालू कपाळावर ओल्या घड्या ठेवत राहिली. आंधळे मास्तर त्याचं डोकं मांडीवर घेऊन चमच्याने पेज भरवत होते. बरळतानाच त्याच्या तोंडून तिचं नाव निघालं. मालूचा हात थबकला.

"ऐकलं मी," मास्तर म्हणाले. "घडी बदल. सुकली असेल."

गिरधर उठला, आणि मास्तर पडले. त्यांचा ताप उतरलाच नाही. खांदा द्यायला कुणी येईना. गिरधर आणि कडूने त्यांना बैलगाडीत घालून घाटावर नेलं.

दिवसवार उरकले. अशक्त गिरधर रोज येऊन बाहेरच्या पायरीवर बसे. एकदा तो म्हणाला, "मले वाचवायला आले, अन् तेच गेले. कोणत्या तोंडानं आत येऊ?"

"मीच नेलं त्यांना." तिचा आवाज चिरकला. "मला रोज तुमचा राग येतो. तुमच्याकडे बघवत नाही. आणि तुम्ही यायला उशीर केलात, की... की मी दारातून हलत नाही."

त्याने मान खाली घातली. दोघंही रडले, मधे उंबरठा ठेवून.

मालूला कायमचं आपल्या घरी न्यायला मास्तरांचे भाऊ सुकलाल काका आले, त्या दिवशी गिरधर आईला घेऊन आला. भागाबाई दमलेली होती. तापाने तिचा धाकटा मुलगा नेला होता.

"पोरी, माझ्या घरात येशील का?" तिने सरळ विचारलं. "पाट लावू. अंधार पडल्यावर लागतो, कोणी पाहू नये म्हणून. तेवढं सोसावं लागेल."

"चोरून न्यायला ती काय भांडं आहे?" काका ओरडले. "आमच्या घरात हे चालत नाही!"

मालूने गिरधरकडे पाहिलं. आज पहिल्यांदा, सरळ.

"येईन. पण दिवसा लावायचा. चार माणसांसमोर."

"दिवसा?" भागाबाई गोंधळली. "असं कोणी केलं नाही, बाई. लोक तोंडावर थुंकतील."

"तर मी पुढं उभा राहीन," गिरधर म्हणाला.

भागाबाई दोघांकडे बघत राहिली. मग तिने पदराने डोळे पुसले. "इतकी माणसं मेली. आता कोणाला भ्यायचं? चल, पोरी. गाडी उन्हात उभी आहे."

काकांनी पाठ फिरवली. मालूने चूल विझवली, दाराला कडी घातली, आणि सिंधीपुऱ्याच्या उघड्या खिडक्यांसमोरून गिरधरच्या शेजारी चालू लागली.