सोंग कागदाचं

"ताई, सापडला!" चौकीतले कागद-फोटो छापणारा छपाईवाला धापा टाकत दारात उभा राहिला.

सीमेवरच्या चौकीतल्या तपास अधिकारी बाईंना सगळे ताई म्हणत. बॉम्ब बनवणारा एक माणूस आज दोनपैकी एका फाटकातून घुसणार, असं पलीकडच्या पोलिसांनी सकाळी नऊला कळवलं होतं. सोबत गालावर व्रण असलेला त्याचा फोटोही धाडला होता. आता पहिल्या फाटकावर तसाच व्रण असलेला इसम धरला होता, आणि दुसऱ्या फाटकावरचे शिपाईही तिकडेच पळाले.

ताईंनी फाटकावर जाऊन त्या इसमाच्या डाव्या गालावर ओला रुमाल घासला. व्रण रुमालात आला.

"दुसरं फाटक बंद करा!"

फाटक बंद झालं. पण बाहेर शंभरेक गाड्या, आणि खरा माणूस त्यातल्याच एकीत. झडती सुरू झाली की तो बॉम्ब उडवायला कमी करणार नव्हता. फोटोतला व्रण रंगवता आला, म्हणजे बातमी आतूनच फुटली होती. फोडणाऱ्याला गाडी ठाऊक असणार.

ताई चौकीच्या खोलीत परतल्या. तिथे तिघे होते: छपाईवाला, दुभाषी पंडित आणि पलीकडच्या पोलिसांचा अधिकारी, ज्याला सगळे पाहुणा म्हणत.

"घरचा भेदी कशाला शोधता? पाहुण्यालाच विचारा," पंडित पुटपुटले.

पाहुण्याचा चेहरा उतरला.

"फोटो कुणी कुणी पाहिला?" ताईंनी विचारलं.

"पलीकडून आलेलं सगळं आधी पंडितांच्या टेबलावर जातं," छपाईवाला म्हणाला. "ते मजकूर आपल्या भाषेत करतात, मग मी छापतो. आज पहिल्या फोटोची डावी-उजवी बाजू उलटी झाली होती. पलीकडच्यांनी दहा मिनिटांत दुसरा, सुलटा धाडला. त्यावर मजकूर नव्हता, म्हणून थेट माझ्याकडे आला. तोच छापून भिंतीवर लावला."

"पाहुणे, तुम्ही?"

"मी दहाला आलो. भिंतीवरचाच पाहिला."

ताईंनी भिंतीकडे पाहिलं. फोटोत व्रण उजव्या गालावर होता.

"सोंग त्या माणसाचं नव्हतंच, आपल्या कागदाचं होतं," त्या म्हणाल्या. "शिपाई जो चेहरा शोधणार, तोच रंगवायचा. पण रंगवणाऱ्याला कुणीतरी डावा गाल सांगितला. दुसरा फोटो ज्याच्या टेबलावर गेलाच नाही, असा इथे एकच माणूस आहे. भिंतीकडे पाहायचंही सुचलं नाही, पंडित? कुठली गाडी?"

पंडितांनी हात जोडले.

"दुधाचा टँकर. माझी लेक पलीकडे शिकते, ताई. कालपासून त्यांच्या ताब्यात आहे. टँकर अडला तर..."

ताईंना त्यांचा संताप आला आणि कीवही आली. त्यांनी वायरलेस उचलला. कागद तपासायच्या निमित्ताने शिपायांनी टँकरवाल्याला खाली उतरवलं आणि त्याचे हात बांधले. व्रण उजव्या गालावर होता, आणि तो पुसला गेला नाही.

एवढ्यात पाहुण्याने टेबलावरचा फोन ओढला. "पंडित, लेक शेवटची कुठे होती? टँकर पकडल्याचं त्यांना कळायच्या आत माझी माणसं पोचतील. पत्ता सांगा, लवकर."

दोन्ही भाषा सफाईने बोलणाऱ्या पंडितांना त्यातली एकही धड बोलता येईना. त्यांनी पत्ता कागदावर लिहून दिला.