दुसरा नमुना घेतला

बोधली पोलाद कारखान्याच्या कँटीनमध्ये दुपारचा चहा घड्याळ बघून कोणी टाकत नसे. भट्टीचा आवाज बसला की शेवंताबाई पातेलं चढवत. पलीकडच्या शेडमधली विद्युतभट्टी दिवसभर असा गडगडाट करायची की टेबलावरच्या बश्या थरथरत. दोन-सव्वादोनच्या सुमाराला तो आवाज एकदम खाली यायचा आणि बश्या गप्प व्हायच्या.

"थांबला उस्ताद," शेवंताबाई म्हणत. "घ्या बापा, अकरा मिनिटं आहेत."

अकरा मिनिटांनी बश्या पुन्हा थरथरू लागत आणि लोक कप ठेवून उठत.

उस्ताद हे कुणा माणसाचं नाव नव्हे. गेली आठ वर्षं ही भट्टी चालवणाऱ्या यंत्रप्रणालीला कामगारांनी ते नाव दिलं होतं. शलाका उमरेने ती घडवली होती, आणि घडवताना आयुष्यातली दहा वर्षं तिच्यात घातली होती. एका वेळी वितळवलेल्या पोलादाला कारखान्यात 'हीट' म्हणतात. प्रत्येक हीटची जन्मकुंडली फोरमनने स्वतःच्या हाताने वहीत लिहायची, अशी बोधलीची पहिल्या दिवसापासूनची पद्धत. शलाकाने त्या साऱ्या वह्या उस्तादला वाचायला दिल्या. भट्टी कधी तापवायची, चुना किती टाकायचा, कधी ओतायची, हे सगळं तो जुन्या फोरमनांच्या अक्षरातून शिकला. त्यांचे गुण त्याने घेतले, तशा खोडीही घेतल्या असणार.

त्यातली एक खोड आता तिच्या गळ्याशी आली होती.

"ही अकरा मिनिटं काढ," मुंबईहून संचालक देशकर फोनवर म्हणाले. "दाभसरचा नवा कारखाना पुढच्या महिन्यात सुरू होतोय. तिथे तुझा उस्ताद हवा असेल तर तो असा विनाकारण थांबता कामा नये. नाहीतर परदेशी प्रणाली तयारच आहे, आणि मग बोधलीलाही तीच बसेल."

शलाका उस्तादच्या नोंदींकडे वळली. थांबण्याच्या प्रत्येक वेळी उस्तादने एकच नोंद केली होती: दुसरा नमुना घेतला. ओतण्याआधी भट्टीतलं पळीभर पोलाद प्रयोगशाळेत पाठवतात. निकालाबद्दल शंका असेल तर पुन्हा पाठवतात, आणि त्याला अकरा मिनिटं लागतात. पण इथे पहिल्या नमुन्यात काहीच वावगं नव्हतं. नमुना काढणारा यांत्रिक हात दुसऱ्यांदा हललासुद्धा नव्हता. तिने जुन्या वह्या काढल्या. तिथेही शाळेतल्या मुलाच्या रजेच्या अर्जासारखं तेच वाक्य, नऊ वेगवेगळ्या अक्षरांत, तेहतीस वर्षं. प्रयोगशाळेच्या नोंदवहीत मात्र त्यातला एकही दुसरा नमुना पोचलेला नव्हता.

यंत्र चुकतं हे तिला ठाऊक होतं. यंत्र खोटं बोलतं, तेही इतक्या सभ्यपणे, हे तिला नवीन होतं आणि तिला त्याचा रागच आला.

नऊ फोरमनांपैकी डोमाजी बोरकुटे तेवढे हयात होते. कामगार वसाहतीतल्या अंगणात ते खाटेला नवी पट्टी विणत बसले होते. भट्टीत डोकावायची निळी काच अजून त्यांच्या दाराच्या खुंटीला टांगलेली होती.

"बाबाजी, तो दुसरा नमुना कुठं जायचा?"

"लॅबमंदी."

"लॅबमध्ये पोचलेला नाही. एकदाही नाही."

डोमाजींनी पट्टी ताणून धरली. "मंग रस्त्यात सांडला असंल."

"तेहतीस वर्षं?"

म्हातारा हसला, मग हसायचा थांबला. पट्टीचं टोक खाटेच्या पायाला बांधून त्यांनी हात पुसले. "तू कंपनीचा तो इतिहास वाचला का? जाडा, चिकण्या कागदाचा?"

तिने वाचला होता. पहिली भट्टी एका बंद पडलेल्या कारखान्यातून मोडीत घेतली, तिथपासून दाभसरच्या पायाभरणीपर्यंत सगळं त्यात होतं. चौऱ्याऐंशी सालच्या पानावर विक्रमी उत्पादनाचा फोटो होता, हार घातलेल्या भट्टीचा.

"त्याच वर्षी सुगंधा गेली," डोमाजी म्हणाले. "आत्रामाची पोरगी. दहा वर्षाची."

वितळलेल्या लोखंडावर जी मळी येते, ती स्लॅग. भट्टी ओतली की ती उघड्या भांड्यात घेऊन गाडी रुळावरून निघते, मागच्या डोंगराएवढ्या ढिगावर रिकामी व्हायला. बोधली गावातून शाळेकडे जाणारी पायवाट नेमकी त्या रुळावरून जायची. त्या दिवशी टाकी गळून रुळाशी पाणी साचलं होतं. गाडीतली मळी हिंदकळून त्यात पडली. उकळत्या मळीखाली सापडलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती बाँबसारखी फुटते. मुलं तेवढ्यात शाळेला निघाली होती.

"कंपनीनं काय केलं मग?"

"कुंपण घातलं. शाळेचा दुसरा रस्ता दोन कोसाचा. पोरं कुंपणाखालून जायले लागली. आधी उभी चालत, त भट्टीच्या खिडकीतून दिसत तरी होती. आता रांगत जात, दिसतच नवती. आमी साहेबाले म्हटलं, शाळेच्या टायमाले भट्टी नका ओतू. साहेब म्हणे, कागदावर तिथं रस्ताच नाही, त थांबू कोणासाठी?" डोमाजींनी खाट थोपटली. "मंग तार आमीच तोडली. अन् नमुना लिवायले लागलो. नमुन्याले कोणी नाही म्हणत नाही. नवा फोरमन आला का त्याले खिडकीशी उभं करून दाखवायचं. लिवून कोणी नाही ठेवलं."

"पण आता गाव उठलंय, बाबाजी. शाळाही बंद झाली."

"त मंग काढ ना, पोरी. आता कोणासाठी थांबायचं?"

शलाकाला हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी ती संगणकासमोर बसलीही. एवढी एक सवय पुसली की काम झालं. पण हात पुढे होईना. शाळा साडेदहाला भरायची आणि पाचला सुटायची. वह्यांमधल्या नोंदी त्याच वेळच्या होत्या. उस्ताद मात्र सव्वादोनला थांबत होता.

दोन वाजता ती स्वतः रुळाशी जाऊन उभी राहिली. थोड्या वेळाने झुडपांमागून नऊ बायका आल्या. प्रत्येकीच्या हातात टोकाला लोहचुंबक बांधलेली काठी, खांद्यावर गोणी. जुन्या ढिगातले लोखंडाचे तुकडे वेचून विकणाऱ्या या बायका उठवलेल्या गावातल्याच होत्या. त्या रुळाशी येऊन थांबल्या, आणि शेडमधला गडगडाट खाली आला.

"चाला," पुढची म्हणाली, मग शलाकाकडे वळली. "बाई, तुमी बी सरका. पुन्हा गरजली का गाडी येते."

"तुम्हाला कसं कळलं, आत्ता जायचं ते?"

"रुळाशी येऊन उभं रायलं का थे गप होते. आपण निघून जायचं."

"कुणी सांगितलं असं?"

"कोणी नाही," बाई म्हणाली. "तशीच आहे थे. मायाळू."

शलाकाने खाली पाहिलं. रुळालगत जमिनीत एक वजनपट्टी पुरलेली होती, स्लॅगच्या गाडीचं वजन घेणारी. उस्ताद येण्याआधी पंधरा वर्षं ती तिथे होती. त्या वर्षांत पट्टीवर जेव्हा जेव्हा हलकी पावलं पडली, तेव्हा तेव्हा वहीत दुसरा नमुना लिहिला गेला. उस्तादने दोन्ही जोडून घेतलं होतं. शाळेची वेळ त्याने पाठ केलीच नव्हती. खिडकीशी उभं करून त्याला कुणी काही दाखवलं नव्हतं, तरी त्याला कळायचं ते कळलं होतं. हे यंत्र तिने स्वतः घडवलं होतं, आणि आपल्याला ते ओळखताच आलेलं नाही, या विचाराने तिला भरूनही आलं आणि भीतीही वाटली.

संध्याकाळी देशकरांचा फोन आला. खरं सांगावं असं तिच्या अगदी ओठांवर आलं. खरं सांगितलं तर उद्या कुंपण येणार, पहारेकरी येणार. आणि त्या बायका पट्टीपासून लांब कुठून तरी रांगत जाणार, उस्तादला कळणारसुद्धा नाही अशा जागेवरून.

"दुसरा नमुना गरजेचा आहे, सर," ती म्हणाली. "गुणवत्तेसाठी."

"लॅबने मागितलाय?"

"हो."

"ठीक आहे. मग तसं लिहून पाठव."

तिने लिहून पाठवलं. तेच वाक्य आता दहाव्या अक्षरात होतं. आपण खोटं लिहिलं याची तिला लाज वाटली, आणि त्या रात्री झोप मात्र छान लागली.

पुढच्या महिन्यात उस्ताद दाभसरला गेला. समुद्राकाठचा कोरा करकरीत कारखाना, चहूबाजूंनी बारा फुटी भिंत, आत एकही जुनी वाट नाही. पहिल्या आठवड्याचा अहवाल शलाकाने चहा पिता पिता उघडला. शंभरावर हीटा, सगळ्या चोख. त्रेसष्टाव्या हीटपुढे, दुपारी तीन चाळीसला, एकच नोंद होती: दुसरा नमुना घेतला.

तिने दाभसरचा नकाशा कँटीनच्या टेबलावर पसरला. भट्टी, रूळ, वजनपट्टी, भिंत. तिथे कुठेही रस्ता नव्हता. तसा बोधलीच्या नकाशावरही तो कधीच नव्हता.

शेजारच्या शेडमधला आवाज बसला, बश्या गप्प झाल्या. शलाकाने फोन उचलला, पण दाभसरला कुणाला आणि काय विचारायचं ते तिला सुचेना. तिथल्या त्या भिंतीच्या आत, तीन चाळीसला, रुळाशी येऊन कोण उभं राहिलं होतं?