डावीकडची सीट

त्या रविवारी पप्पांनी मला बारामतीला पाठवलं ते फक्त तीन वस्तू आणायला. एक लिटर थिनर, चारशे नंबरचा पॉलिश पेपर आणि सीट शिवायचा जाड दोरा. मी चिठ्ठी घेऊन गेले. चिठ्ठी दाखवली की दुकानात बोलावं लागत नाही.

पण त्या दुकानदारानं विचारलंच, "कुठली गाडी?"

"फियाट."

"आन् पळती व्हय अजून?" तो हसला. "पप्पाला म्हणावं, ढकलायला माणसं लागली तर हाक मारा."

मीही थोडंसं हसले. पिशवी घेऊन पिंपळीला परत आले, तेव्हा चार वाजायला आले होते.

आमच्या घराला लागून पत्र्याची शेड आहे. ती गाडी तिथंच असते. आधी ती पप्पांच्या चुलत्यांची होती. आई लग्न होऊन निमगाव केतकीहून पिंपळीला आली ती याच गाडीतून. पुढं गाडी बंद पडली आणि पंधरा वर्षं शेडमध्ये उभी राहिली. मागच्या सीटवर आमच्या कोंबड्या अंडी घालायच्या. आई दर दिवाळीला म्हणायची, "आणली तशी एकदा ह्याच गाडीतनं माहेराला सोडा. मग खुशाल भंगारात घाला." पप्पा कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर आहेत. त्यांना ते अवघड नव्हतं. "करू की, पुढच्या सुट्टीला," असं ते दरवेळी म्हणायचे.

श्रावणात आई तापानं गेली. चार दिवसांत.

दहाव्याला नीरेच्या काठावर पिंड ठेवला. कावळे झाडावर बसून होते, पण एकही खाली उतरेना. गेलेल्या माणसाची इच्छा राहिली असली की असं होतं म्हणतात. मग सगळे एकेक करून शब्द देऊ लागले. कुणी म्हणालं, स्वरूपाला, म्हणजे मला, शिकवू. कुणी म्हणालं, तिच्याकडं बघू. दीड तास गेला. शेवटी पप्पा पुढं झाले आणि हात जोडून हळूच म्हणाले, "आसा, गाडी नीट करतो. त्याच गाडीतनं तुला निमगावला सोडतो." त्यांचं बोलणं संपायच्या आत कावळा उतरला.

सगळे म्हणाले, सुटली आसावरी. मला मात्र तिथंच कळलं की ती अजून सुटलेली नाही. पप्पा तिला निमगावला सोडतील तेव्हा ती सुटेल. तोवर ती आहे.

त्या रविवारी मी पिशवी घेऊन शेडमध्ये आले, तेव्हा पप्पा गाडीखाली झोपून काम करत होते. त्यांचे पाय तेवढे बाहेर दिसत होते. पुढच्या सीटची सगळी गादी काढून टाकली होती, नुसत्या स्प्रिंगा उरल्या होत्या. मी उघड्या दाराशी बसून पॉलिश पेपरनं दाराची कड घासू लागले. पेपरची खरखर आणि खालून पान्याचा आवाज, बाकी काही नाही.

मग डावीकडच्या स्प्रिंगा खाली गेल्या.

एकदम नाही. आधी मागच्या दोन, मग पुढच्या. कुणी साडी सावरून बेतानं बसावं तशा. आवाज झाला नाही. थिनरच्या उग्र वासातून माक्याच्या तेलाचा वास आला. आई केसांना लावायची ते तेल.

"पप्पा..." मी म्हणाले.

खालचा पाना थांबला. "बसली का?"

"...कोण?"

"बसू दे. रोज येती ह्या टायमाला. चहाच्या वक्ताला." पाना पुन्हा फिरू लागला. "भिऊ नगंस. कामाव लक्ष ठेवायला येती. तिला ठावं हाय, मी टाळतो."

मी भ्याले नाही असं म्हणणं खोटं होईल. पण मी उठूनही गेले नाही.

त्यानंतर मी रोज शाळेतून थेट शेडमध्ये जाऊ लागले. पप्पांनी पत्रा ठोकून सरळ केला, पुट्टी भरली, प्रायमर मारला. आईला आमसुली रंग आवडायचा, म्हणून त्यांनी तो मिसळून घेतला. गादी भरल्यावर डाव्या सीटला खोळ घातली ती आईच्या मोरपंखी साडीची. काठ पाठीच्या बाजूला येईल असा मी तो स्वतः शिवला. वर्गात मी दिवसभरात चार वाक्यं बोलत नाही. त्या सीटशी मात्र मी सगळं बोलायचे. गणिताचे मार्क, मधल्या सुट्टीत मी एकटी बसते ते, घरातला गॅस संपला ते. सीटवर साडी दबलेली असायची. ऐकताना आई मान हलवायची, तशी कधी कधी ती थोडी हलायची.

माघात गाडी पुरी झाली. पप्पा म्हणाले, "रविवारी निघायचं." शुक्रवारी संध्याकाळी मी इंजिनातला रोटर काढून कंपासपेटीत ठेवला. तो अंगठ्याएवढा असतो. त्याच्याशिवाय ठिणगी पोचत नाही आणि गाडी सुरू होत नाही. हे मला पप्पांनीच शिकवलं होतं.

रविवारी गाडी सुरू झाली नाही. पप्पांनी झाकण उघडून बघितलं. मग शेडमधला प्रत्येक डबा, प्रत्येक चिंधी झटकली. माझ्यावर त्यांना संशयही आला नाही. दुपारी ते पायरीवर बसले. काळे हात तोंडावर धरून म्हणाले, "जित्तेपणी न्हाय नेलं... आन् आता बी जमंना गं, आसा..."

मी गाडीत मागच्या सीटवर बसले होते. पुढं डावी सीट खाली दबत होती, वर येत होती, पुन्हा दबत होती. आई एसटी स्टँडवर अशी बसायची. पिशवी मांडीवर घेऊन, दर गाडीला उठायची, पाटी वाचायची आणि पुन्हा बसायची. मग मला एक श्वास ऐकू आला. लांब, थकलेला. तयार होऊन बसलेल्या आणि कुणी न्यायला न आलेल्या बाईचा.

माझ्याच्यानं ते ऐकवेना. मी घरात जाऊन कंपासपेटीतून रोटर काढून आणला.

"पप्पा, हा बघा. पुट्टीच्या डब्यामागं होता."

त्यांनी रोटर घेतला. माझ्याकडं बघितलं. माझ्या डोक्यावर हात ठेवला, तो ग्रीसचा आहे हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

पुढच्या रविवारी सकाळी आम्ही निघालो. भवानीनगरपर्यंत उसाच्या ट्रॉल्यांमागून हळू हळू जावं लागलं. पप्पा गाडी चालवत होते, मी मागं होते आणि डावी सीट दबलेली होती. काचा खाली असूनही सगळ्या गाडीत माक्याचा वास होता. लासुर्णे, अंथुर्णे मागं गेली. प्रत्येक गावाला मी मनात म्हणत होते, अजून थोडं लांब असू दे.

निमगावला विमलमामी दारात उभ्याच होत्या. पप्पांनी फोनवर त्यांना सगळं सांगितलं होतं. पप्पांनी डावं दार उघडलं. "उतर, आसा. आलं तुझं माहेर."

साडीची दबलेली घडी हळूहळू वर आली. सीट सपाट झाली.

मामींनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. तांब्यानं माझ्या पायांवर पाणी घातलं, पप्पांच्या पायांवर घातलं. मग उंबऱ्यासमोरच्या रिकाम्या जागेवरही पाणी घातलं आणि रडत रडत म्हणाल्या, "या, वन्सं." मी खाली बघितलं नाही. माझ्याच्यानं बघवलं नाही.

जेवणं झाली. चारच्या सुमाराला पप्पा गाडीत पाणी भरायला कॅन घेऊन नळावर गेले. मी मागच्या सीटवर जाऊन बसले. गाडी रिकामी होती. वाससुद्धा नव्हता. इतकी रिकामी जागा मी कधी बघितली नव्हती.

तेवढ्यात मामी सूप घेऊन आल्या. सुपात तांदूळ, नारळ, खण, हळकुंड. त्यांनी डाव्या सीटला हळदीकुंकू लावलं आणि मोरपंखी साडीवर ओटी ठेवली.

"मामी..." मी म्हणाले.

"रिकामी कशी धाडू गं माहेरवाशिणीला?" त्यांनी डोळे पुसले. "इतक्या वर्सात कधी धाडली न्हाय."

माहेरवाशिणीची ओटी ती सासरी परत निघताना भरतात. हे मला माहीत होतं. मामींनाही माहीत होतं, पण मायेपुढं त्यांना ते सुचलं नाही. आम्ही आईला सोडायला आलो होतो. मी नुसतं "नको" म्हणाले असते तरी त्यांनी ओटी उचलली असती.

मी बोलले नाही. लाजेमुळं नाही. मला आई परत हवी होती.

पप्पा आले. ओटी बघून म्हणाले, "तुझी भरली का मामीनं?"

"हो," मी म्हणाले.

अंथुर्णे मागं पडलं आणि सीट खाली गेली. या वेळी बेतानं नाही. एकदम, जडपणे, थेट तळापर्यंत. ओटीतला नारळ कलंडला. मी डोळे मिटले. मला रडू येत होतं, आणि खरं सांगते, मला आनंद होत होता. माक्याचा वास मात्र आला नाही. नव्या रंगाच्या वासात तो दबला असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

"हलकं वाटतंय गं लई," पप्पा म्हणाले. कितीतरी महिन्यांनी ते काहीतरी गुणगुणत होते. मी त्यांच्या पाठीकडं बघत राहिले.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. पप्पांनी गाडी शेडमध्ये घातली आणि ते पुसायला फडकं शोधू लागले. मी ओट्यावर आले, तोच मामींचा फोन आला.

"पोचलासा?"

"हो, मामी."

"स्वरूपा, ऐक... कुणाला सांगू असं झालंय बघ." मामींचा आवाज कापत होता, पण त्यात समाधान होतं. "आत्ता दिवा लावाय गेले. सकाळी उंबऱ्याव पाणी घातलं न्हवं का? त्याची पावलं हायत फरशीव. तिचीच, बारकी बारकी. तुमची कवाच वाळली, ही अजून वली हायत. देवापातूर गेल्यात आन् तितंच थांबल्यात. माघारी वळल्याली न्हाईत. आन् समद्या घरात माक्याचा वास सुटलाय."

मी शेडकडं बघितलं.

"मी येड्यावानी ओटी भरली तिची. मागनं ध्यानात आलं, जीव नुसता टांगणीला लागला हुता. पर न्हाय गेली ती. हितंच हाय. सुटली गं, तुझी आई सुटली..." मामी रडू लागल्या. "स्वरूपा? हायस न्हवं?"

"...हो, मामी."

शेडमधला दिवा लागला होता. पप्पा गाडीभोवती फिरत होते. मग त्यांनी तिथूनच हाक मारली, अगदी नेहमीच्या आवाजात.

"स्वरूपा, हे डावं दार आतनं कुणी लावलंय गं?"