कोंत्रोरातली शांतता

रेकॉर्डिंग संपलं की रिकाम्या जागेची दोन मिनिटं शांतता टिपून ठेवायची, हा आमच्या धंद्यातला नेम. दोन तुकडे जोडताना मधे तीच भरतात. तीस वर्षं मी हे काम केलं, त्यातली बरीचशी एर्कोलेसोबत.

त्याच्या ल्यूटवादनाच्या एकवीस तबकड्या मी केल्या. एके काळी अख्खी इटली त्याच्या बोटांवर जीव टाकायची. आता उजव्या हाताची दोन बोटं तार छेडायला गेली की आत वळत. कंपनीने शेवटची एक तबकडी दिली, तीही उपकार केल्यासारखी. आम्ही दक्षिणेतल्या एका खेड्यातलं बंद चर्च घेतलं आणि वेळ धरली कोंत्रोराची. दुपारच्या जेवणानंतरची ती निजानीज. कुत्रंसुद्धा भुंकत नाही.

किल्ली देताना चर्चची राखण करणारी अदोलोराता मावशी कुरकुरली, "या वेळेला मेलेले फिरतात गं बाई. संध्याकाळी वाजवा की!"

"संध्याकाळी तुमचं गाव कोकलतं, मावशी," एर्कोले म्हणाला. "मेलेले निदान स्कूटर तरी चालवत नाहीत."

शेवटच्या रचनेतल्या एका अवघड जागेवर तो अडला. एकेचाळीस वेळा वाजवली, एकेचाळीस वेळा बोटं वळली. जुन्या मेणाचा आणि ओल्या दगडाचा वास कोंदला होता. अखेर त्याने ल्यूट पेटीत ठेवली, कडी लावली आणि तो ढसाढसा रडला. मला त्याच्याकडे बघवेना.

तो थोडा सावरल्यावर मी म्हटलं, "शांतता घेते. हलू नकोस."

हेडफोनमध्ये आधी काहीच नव्हतं. मग एक श्वास... नाकातून ओढलेला. अवघड जागेआधी एर्कोले असाच श्वास घ्यायचा, आणि मी तो दर वेळी कापायची. पाठोपाठ ती जागा वाजू लागली. निर्दोष.

एर्कोले समोर बसला होता. दोन्ही हात गुडघ्यांवर. पेटी बंद.

मी हेडफोन त्याच्या कानांना लावले. तो शेवटपर्यंत ऐकत राहिला.

"हा मीच आहे..." तो पुटपुटला. मग त्याने माझ्याकडे चमत्कारिक नजरेने पाहिलं.

"पुसून टाकते, एर्कोले. चल इथून."

"पुसलंस तर माझ्याकडे उरतं काय?" त्याने माझं मनगट घट्ट धरलं. "नुन्त्सिया, हात जोडतो. हेच लाव..."

नोव्हेंबरात तो गेला, तबकडी निघण्याआधीच. शब्द दिला होता म्हणून मी तो तुकडा जोडायला बसले आणि ती दोन मिनिटं पहिल्यांदाच पूर्ण ऐकली.

जागा संपते. खुर्ची करकरते. मग माइकच्या अगदी जवळून एक बाई हळूच, समाधानाने म्हणते, "आलं बरं का, एर्कोले. हेच ठेवू."

आवाज माझाच आहे. फक्त जरा म्हातारा... फार नाही.